हरणाबाईची पांढरी माती

मी लग्न होऊन त्या गावात गेले ती सत्तर सालच्या उन्हाळ्यात. यजमान तिथल्या शाळेत मास्तर. उस्मानाबादकडच्या वाशीपासून दोन कोसांवरचं ते गाव. माळवदाची घरं, मधून एक ओढा, आणि चहूकडं उतरती रानं. शाळेच्या मागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. मधल्या भिंतीच्या पलीकडं हरणाबाई राहायची.

तिची माझी ओळख भांडणानं झाली. भाद्रपदात मी हौसेनं बाजारातून चुना आणवला आणि पदर खोचून खोलीच्या भिंती रंगवायला घेतल्या. हरणाबाई दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीकडं झुकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, भिंतीकडं पाहिलं.

"मास्तरीणबाई, मातीच्या भितीला चुना धरत नसतो. आठ दिसांत पोपडं निघत्याल."

"निघाले तर निघाले," मी म्हणाले. माहेर बार्शीचं, त्यामुळं जरा ताठा होता.

पोपडे सहाव्या दिवशीच निघाले. सातव्या दिवशी ती न बोलावता आली, खुरप्यानं सगळा चुना खरवडून काढला आणि बरोबर आणलेल्या पांढऱ्या मातीचा पोतारा भिंतींना दिला. पोतारा म्हणजे माती पाण्यात कालवून, फडक्यानं भिंतीवर एका हातानं ओढत नेलेला लेप. ओला असताना तो राखाडी दिसतो. वाळत आला की भिंत उजळत जाते, आणि दुपारपर्यंत खोलीत वेगळाच उजेड होतो. खाली तिनं वीतभर कावेचा तांबडा पट्टा ओढला. मग शिंदीची काडी दगडानं ठेचून तिचा कुंचला केला आणि दाराच्या दोन्ही अंगांना एकेक मोर काढला. हात एकदाही थांबला नाही.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत गावातली निम्मी घरं तिच्या हातची असायची. पितरं झाली की घटस्थापनेच्या आत घर झाडायचं, वाकळा ओढ्यावर धुवायच्या आणि भिंतींना पोतारा द्यायचा, हा त्या गावाचा नेम. पोतारा ज्याचा तो देई, पण कोनाड्याभोवतीची वेल, चौकटीवरचा कांगोरा, देवळीच्या वरची तुळस आणि हत्ती यांसाठी हरणाबाईच लागायची. बदल्यात कुणी शेर-दोन शेर ज्वारी द्यायचं, कुणी शेंगा.

हे काम ती एकटी करत नव्हती. तिची धाकटी जाऊ कस्तुरा तिच्याबरोबर असायची. थोरला हरिबा हरणाबाईचा नवरा, सुतळीचे दोर वळणारा, अबोल माणूस. धाकटा बब्रुवान कस्तुराचा. हरणाबाईला मूलबाळ नव्हतं, कस्तुराला एक मुलगी होती, द्वारका. कस्तुरा खाणीतून माती काढायची, वाहायची, चाळायची, भिजवायची, आणि हरणाबाई भिंतीवर हात चालवायची. कस्तुरा तिशीच्या आतली, ठेंगणी, सारखी हसणारी. थोरलीच्या बोलण्याला एक धार होती आणि धाकटीला ती कधी लागत नसे. बारा वर्षं दोघी एका चुलीवर होत्या.

मग बहात्तर साल आलं.

आदल्या साली पाऊस अर्धामुर्धा झाला होता. त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि पोळ्याला बैल सजवायचे म्हटले तर गावात बैल होते कुठं? निम्मी जनावरं छावणीला गेली होती, निम्मी बाजारात. ओढ्यात वाळू तेवढी राहिली. गावापासून अडीच मैलांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. सगळं गाव, बाया-माणसं, सकाळी तिथं खडी फोडायला जायचं आणि दिवस मावळताना परत यायचं. घरात रेशनवरची परदेशी तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि पोटात दगडासारखी बसायची. पोरांना शाळेत सुकडीचा कोरडा खाऊ मिळे. द्वारका तेव्हा आठ वर्षांची. ती आपल्या वाटची सुकडी कागदात बांधून आईला न्यायची.

पितृपाट लागला तेव्हा बायका आपसांत बोलू लागल्या की यंदा पोतारा नको. पाणीच नव्हतं. पिण्यासाठी टँकर यायचा तो आठवड्यातून दोनदा, आणि माणशी एक कळशीही वाट्याला येत नसे. सारवायला शेण नव्हतं, जनावरंच नव्हती तर शेण कुठलं. देवीचा घट बसवायचा आणि भिंती काळ्या, या गोष्टीचं बायकांना वाईट वाटत होतं, पण बोलून काय होणार? मलाही वाटत होतं. त्या दिवाळीला माझे आई-वडील पहिल्यांदाच येणार होते.

गावात पाणी एकाच ठिकाणी होतं. गावच्या सहकारी सोसायटीनं माळावर नवं गोदाम आणि कचेरीची खोली बांधायला काढली होती, तिथल्या विहिरीत. बांधकामासाठी म्हणून ती विहीर राखून ठेवली होती. सोसायटीचे चेरमन नानासाहेब तसे वाईट माणूस नव्हते. मात्र मोठ्या साहेबांच्या हस्ते दसऱ्याला गोदाम उघडायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. एके दिवशी संध्याकाळी ते स्वतः हरणाबाईच्या ओट्यावर आले. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"हरणाबाई, कचेरीच्या खोलीला पोतारा पाहिजे. दारावर काढा काहीतरी, कलश, हत्ती, तुम्हाला येतं ते. उस्मानाबादेहून साहेब येणार आहेत."

"पानी?"

"विहिरीचं घ्या की. लागेल तेवढं घ्या."

हरणाबाई ओट्यावरून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "नानासाहेब, सायबासाठी भितीला पानी हाय, आन् भवानीसाठी न्हाय, हे बरं दिसतंय व्हय? घरटी एक घागर द्या पोताऱ्याला. मंग म्या तुमची कचेरी अशी करते की सायेब दारातच थांबल."

"अहो, बत्तीस घरं आहेत."

"मंग बत्तीस घागरी."

नानासाहेब हो-नाही करत तयार झाले. दुसऱ्या दिवशी तलावाच्या कामावर ही बातमी सगळ्या बायकांत पसरली. दुपारच्या सुट्टीत भिमाबाई हरणाबाईसमोर येऊन उभी राहिली. भिमाबाई ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, हरणाबाईच्याच वयाची. खडी फोडायला दोघी शेजारी बसायच्या.

"बत्तीस घरं कोनची मोजलीस, हरणाबाई? आमची चौदा धरून सेहेचाळीस होत्यात. आमची बी विजयादशमी हाय. आमी बी भिती पांढऱ्या करतो, वर निळीचा पट्टा वढतो."

हरणाबाईनं बोटांवर परत मोजलं. मग म्हणाली, "चुकलं माझं. ध्यानात आलं न्हाय." त्याच संध्याकाळी ती परत नानासाहेबांकडं गेली. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सेहेचाळीस घागरी ठरल्या.

कित्येक महिन्यांत गावाला पहिल्यांदाच काहीतरी करावंसं वाटत होतं. कामावर बायका कुणाच्या भिंतीवर काय काढायचं याबद्दल बोलत. मी हरणाबाईला सांगून ठेवलं, माझ्यासाठी दोन टोपली जास्त काढा. हे मी इथं लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात माझीही दोन टोपली होती.

मातीची खाण ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. खाण म्हणायचं एवढंच. दरडीच्या पोटात पांढऱ्या मातीचा एक थर होता आणि त्याच्यावर दोन पुरुष उंचीचा मुरूम. कित्येक पिढ्या बायकांनी पोटातली पांढरी तेवढी ओढत नेली, मुरूम वर तसाच राहिला. आधी कपार झाली, मग भुयार. वाकून आत जायचं, खुरप्यानं माती खरवडायची, टोपलं मागं सरकवायचं. त्या भुयारात कधी कुणी मेलं नव्हतं, म्हणून कुणी मरेल असंही कुणाला वाटत नव्हतं. त्या साली पावसाचा थेंब नाही, सगळी दरड तडकली होती. वर हातभर रुंदीची भेग पडलेली होती हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. आधी कुणी पाहिली असेल तर बोललं नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी बाजार, म्हणून तलावाच्या कामाला सुट्टी होती. सकाळीच आम्ही नऊ-दहा जणी निघालो. हरणाबाई, कस्तुरा, भिमाबाई, जाईबाई, आणखी काही, आणि मी. मला खोदायचं येत नव्हतं, मी टोपली धरायला. द्वारकाला यजमानांनी शाळेत ठेवून घेतलं होतं.

अकरा टोपली निघाली. कस्तुरा आत होती, तिच्या मागं भुयाराच्या तोंडाशी जाईबाई, आणि बाहेर हरणाबाई माती तपासत. तिनं चिमूटभर माती थुंकीनं तळहातावर चोळली.

"कस्तुरा, ही पिवळट हाय. कचेरीच्या भितीला चालायची न्हाय. आतली घे."

"आक्का, हीच चांगली हाय की."

"हातभर आतली घे म्हनते."

"लई वाकावं लागतंय."

"मंग वाक. कंबर काय देवाला वाहिलीस व्हय?"

कस्तुरा हसली. ते हसू सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर एक धप्प असा आवाज झाला. फार मोठा नाही, छतावरून ओल्या गोधड्या पडाव्यात तसा. आणि धुरळा उठला.

धुरळा खाली बसला तेव्हा भुयार नव्हतं. नुसता मुरमाचा उतार होता आणि त्यात कमरेपर्यंत गाडलेली जाईबाई ओरडत होती. एक बाई गावाकडं पळाली. हरणाबाई त्या ढिगावर गुडघ्यावर पडली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली. कुणीतरी खोरं आणलं, तेव्हा भिमाबाईनं ते हिसकावून लांब फेकलं.

"खोरं नगं, खोरं लागंल तिला! हातानं काढा, हातानं!"

आम्ही हातांनी काढत होतो. मुरूम काढावा तेवढा वरून पुन्हा यायचा. आधी जाईबाई निघाली, तिचा पाय मोडला होता. पुरुष आले. निम्मे बाजाराला गेलेले, उरलेले म्हातारे. तासाभरानं आधी कस्तुराचा हात दिसला. सगळी बाहेर काढली तेव्हा ती गेलेली होती. अंगावर कुठं जखम नाही, नाकातोंडात माती. उजव्या हाताची मूठ आवळलेली. भिमाबाईनं एकेक बोट उघडून तिच्यातली माती काढली आणि आपल्या पदरानं तिचा तळहात पुसला.

धुवायला पाणी नव्हतं. सोसायटीच्या विहिरीवरून दोन घागरी आल्या, त्या तिलाच लागल्या.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर बब्रुवाननं सगळ्यांसमोर विचारलं, "वैनी, तुमी कुठं हुता?"

"तोंडाशी."

"आत कुनी धाडलं तिला?"

"म्या."

जाईबाईची खाट ओट्यापाशी आणून ठेवली होती, तिच्यावरून ती म्हणाली, "असं कामून म्हनता? ती आपल्या पायानं गेली हुती. आमी समद्या आत जातोच की."

"म्या म्हनले, हातभर आतली घे," हरणाबाई म्हणाली. "म्या म्हनले नसते तर ती भाईर आली असती."

तिच्या नवऱ्यानं, हरिबानं, तिला गप्प राहण्याची खूण केली. ती गप्प राहिली नाही. जो येईल त्याला तिनं तेच सांगितलं, शब्दही न बदलता. लोकांना त्याचा राग यायचा. बाईनं रडावं, नशिबाला बोल लावावा, मग लोकांना समजूत घालता येते. हिची समजूत कुठून घालायची?

नानासाहेब पाचव्या दिवशी आले. ओट्याखालीच उभे राहिले.

"हरणाबाई, फार वाईट झालं. कचेरीसाठी आम्ही बार्शीहून चुना आणतोय. तुम्ही ते काही मनात ठेवू नका."

"पानी कबूल केलं हुतं घरोघर. त्येवढं द्या."

ते त्यांनी दिलं. सेहेचाळीस घागरी बायकांनी रांगेत उभं राहून नेल्या. त्या पाण्यानं त्या दिवशी कुणीच भिंत पोतारली नाही. फडक्यातून गाळून प्यायला ठेवलं. कस्तुराच्या भावकीत सुतक, तिथं घट बसले नव्हते. बाकीच्या घरांत ते आधीच काळ्या भिंतींपुढं बसले होते. त्या साली फुलांत तरवड तेवढा फुलला होता, त्याला पाणी लागत नाही. सगळ्या घटांवर त्याच पिवळ्या माळा. दसऱ्याला गोदाम उघडलं. साहेब आले, दोन शब्द कस्तुराबद्दलही बोलले म्हणे. नाव मात्र चुकीचं घेतलं.

खाणीच्या तोंडाशी काढून ठेवलेली अकरा टोपली तशीच होती. दसरा झाल्यावर ती एकेक करून कमी होत गेली. कुणी नेली हे विचारायची गरज नव्हती, भिंती दिसतात. हरणाबाई त्या घरांवरून येता-जाता एकदाही थांबली नाही, कुणाला बोलली नाही. माझी दोन टोपली मी नेली नाहीत. त्यात मोठेपणा काही नव्हता, माझी छाती झाली नाही एवढंच. आई-वडील आले तेव्हा भिंती काळ्याच होत्या.

दिवाळीच्या आधीच बब्रुवान ऊसतोडीच्या टोळीबरोबर नगरकडच्या एका साखर कारखान्याला निघून गेला. जाताना द्वारकाला म्हणाला, चैताला येतो. द्वारका हरणाबाईजवळ राहिली.

दिवाळी पाडव्याच्या दिवशी सकाळी पोरीनं अंगणात मातीच्या गवळणी मांडल्या. दरवर्षी कस्तुरा त्या शेणाच्या करायची. शेण नव्हतं, म्हणून पोरीनं राखेत माती कालवली होती. एक दळणारी, एक ताक घुसळणारी, एक कडेवर लेकरू घेतलेली. आणि एक डोक्यावर टोपलं घेतलेली. हरणाबाई बाहेर आली, तिनं ती टोपलीवाली पाहिली आणि पोरीच्या थोबाडीत मारली.

द्वारका रडली नाही. गाल धरून म्हणाली, "आई टोपलं घेऊनच गेली हुती." मग थोड्या वेळानं, "मोठ्या आई, फुडच्या साली माती कोन आननार? म्या जाऊ का? मला वाकता येतंय."

मी भिंतीच्या अलीकडं होते. हरणाबाईचं उत्तर मला ऐकू आलं नाही. दिवेलागणीला ती माझ्या दारात आली, उंबऱ्यावर बसली.

"मास्तरीणबाई, पोरीला मारलं म्या."

"ऐकलं मी."

"येक विचारू? तुमी तिथंच हुता. माती खरंच पिवळट हुती का वो?"

मला माती आठवत नव्हती. पांढरी काय नि पिवळट काय, मला त्यातलं कधी कळलंच नाही. मी म्हणाले, "होती."

तिनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मी खोटं बोलले हे तिला कळलं असणार. मग ती उठली आणि म्हणाली, "ती खान पाडाया पायजे."

पडलेल्या दरडीच्या दोन्ही बाजूंना भुयाराचे आणखी दोन फाटे होते. पांढरा थर तिथं तसाच उघडा होता आणि त्याच्यावर मुरूम लोंबत होता. पुढच्या भाद्रपदात बायका तिथंच जाणार हे लहान मुलालाही कळत होतं. हरणाबाई आधी तलावाच्या मुकादमाकडं गेली. पाच माणसं चार दिवस द्या, वरची दरड पाडून टाकू, म्हणाली. तो म्हणाला, मस्टरवर ते काम नाही. मग ती नानासाहेबांकडं गेली.

"हरणाबाई, ती सगळ्या गावाची माती आहे," ते म्हणाले. "बुजवायची तर ग्रामसभेत विचारावं लागेल. आणि लोक हो म्हणणार नाहीत."

"म्हनूनच तर इचारत न्हाय," ती म्हणाली.

मार्गशीर्षात तिनं काम सुरू केलं. दिवसभर खडी फोडून आल्यावर, उजेड असेपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. दरडीच्या माथ्यावर एक बाभूळ होती. हरिबानं वळलेला दोर बाभळीला एक वेढा देऊन तिच्या कमरेला बांधलेला. कडेला उभं राहून ती पहारीनं मुरूम ढासळवायची. पहिले दोन दिवस दोर हरिबानं धरला. त्याला दमा होता, तिसऱ्या दिवशी तो खाली बसला. चौथ्या दिवशी भिमाबाई तलावावरून परस्पर तिकडं गेली आणि काही न विचारता दोर हातात घेतला.

यजमान म्हणाले, "या दोघी मरतील, कुणीतरी सांगा त्यांना." सांगायला कुणी गेलं नाही. मी दोन-तीनदा पाणी घेऊन गेले. एकदा भिमाबाई मला म्हणाली, "म्या तिला लई सांगितलं, बाई, गावासाठी करतीस तर गाव तुला शिव्या दील. ती म्हनती, देऊ दे."

पौषात एके दुपारी दरड गेली. आधी बाभळीजवळची जमीन हलली. भिमाबाईनं दोर ओढला, हरणाबाई मागं पडली, आणि पुढचा सगळा माथा दोन्ही फाट्यांसकट खाली बसला. पंचवीस-तीस गाड्या मुरूम. पांढरा थर त्याच्याखाली गेला तो गेलाच. हरणाबाई जमिनीवर पडून राहिली. भिमाबाईनं विचारलं, लागलं का? ती म्हणाली, "दोर सोड आता. काचतोय."

गावात बायकांनी तिला तोंडावर बोल लावले. पंधरा दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. मला सगळ्यांत जास्त लागलं ते जाईबाईचं बोलणं. तिचा पाय वाकडा जुळला होता, काठी घेऊन चालायची. ती म्हणाली, "माझा पाय गेला तरी म्या म्हनते, माती बुजवायची नव्हती. मानूस जातंय, पर माती पिढ्यान्पिढ्याची हुती."

त्र्याहत्तरला पाऊस झाला. ओढा वाहिला, रानं हिरवी झाली, छावणीतून उरली ती जनावरं परत आली. भाद्रपदात बायकांनी टोपली घेतली आणि अडीच कोसांवरच्या पलीकडच्या गावच्या खाणीला जायला लागल्या. हरणाबाई पहिल्या साली त्यांच्या मागून तिथंवर गेली. ही बी तसलीच हाय, आत जाऊ नका, वरून उकरा, असं सांगत तोंडाशी उभी राहिली. तिथल्या बायका तिला ओळखत नव्हत्या. आमच्या गावच्या बायकांनी त्यांना सांगितलं, हिचं डोकं फिरलंय. दुसऱ्या सालीही ती गेली. तिसऱ्या साली गेली नाही.

शहात्तर साली घटस्थापनेच्या आठवड्यात ती खाण पडली. दोघी गेल्या. त्यातली एक आमच्या गावची, वीस वर्षांची, नवी सून. लोक म्हणाले, आपली खाण बुजवली नसती तर पोर एवढ्या लांब कशाला गेली असती. हे हरणाबाईच्या कानावर आलं. ती त्या घरी भेटायला गेली, तेव्हा तिला ओट्यावर चढू दिलं नाही. ती अंगणात उभी राहिली, मग परत आली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. द्वारका माझ्याकडं जेवली.

मी तिला एकदा म्हणाले, "हरणाबाई, तुमचा काय दोष? तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"चांगल्यासाठी तर पानी बी मागितलं हुतं," ती म्हणाली.

भिंतीवर तिनं त्यानंतर हात चालवला नाही असं मात्र नाही. कुणी बोलावलं तर जायची. बोलावणारे कमी झाले होते. नंतर सोसायटीतूनच चुन्याच्या पिशव्या मिळायला लागल्या, निम्म्या घरांना सिमेंटचा गिलावा आला. मोर-हत्तीऐवजी लोक बाजारातून आणलेली कागदी तोरणं लावू लागले. हरिबा एकोणऐंशीला दम्यानं गेला. तिनं द्वारकाला सातवीपर्यंत शिकवलं. बायका म्हणायच्या, पोरगी आता खुरपायला जाईल. हरणाबाई तिला शाळेच्या दारापर्यंत सोडायला जायची, पोरगी तेरा वर्षांची झाली तरी.

बब्रुवान चैताला आला नाही. त्यानं तिकडंच दुसरं लग्न केलं. एक्याऐंशीला द्वारकाचं लग्न परंड्याच्या एका मुलाशी ठरलं. तो तिथल्या दूध सोसायटीत कामाला होता. तेव्हा बब्रुवानला निरोप धाडला. तो आला, कन्यादान केलं, जेवला. हरणाबाई मांडवाच्या मागं भांड्यांपाशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो निघाला. दोघांत एक शब्द झाला नाही. मी लग्नाला गेले होते. तोवर यजमानांची बदली कळंबला झाली होती.

पाठवणीच्या वेळी द्वारका हरणाबाईच्या गळ्यात पडून रडली. हरणाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणत होती, "तिथं नळ हाय म्हनं. पान्याला लांब जायाचं न्हाय. बरं झालं."

चौऱ्याऐंशीत हरणाबाईला दिसेनासं झालं. द्वारका येऊन तिला परंड्याला घेऊन गेली. गाव सोडताना तिनं कुणाला सांगितलं नाही. भिमाबाईला तेवढं सांगितलं. तीन वर्षं ती तिथं होती. शेजारपाजाऱ्यांना ती द्वारकाची आजी वाटायची. मी एकदा भेटायला गेले होते, नवरात्रातच. द्वारकाचा थोरला मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता. तिनं माझा आवाज ओळखला. यजमानांची तब्येत विचारली, कळंबला पाणी कसंय विचारलं. मी निघताना म्हणाली, "आता येऊ नका लांबून. पाय दुखत्याल."

सत्त्याऐंशीच्या श्रावणात ती गेली. द्वारकाचं पोस्टकार्ड आलं, चार ओळींचं, तिच्या ठसठशीत अक्षरात. तिनं भिमाबाईलाही निरोप पाठवला होता. भिमाबाई तेव्हा सत्तरीला टेकलेली. दोन गाड्या बदलून ती एकटी परंड्याला गेली. पोचली तोवर सगळं उरकलं होतं. तरी ती तिथं तीन दिवस राहिली, सावडायला गेली, आणि चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावाकडं निघाली.